जपानी नकला

आमच्या कॉलनीत मला 'जपानी काकू' म्हणतात. तोंडावर नाही, मागून. पण गारखेड्यातल्या आमच्या गल्ल्या अरुंद आहेत आणि माझे कान अजून शाबूत आहेत. पिठाच्या गिरणीत मी शिरले की बोलणं जरा खाली येतं, कुणीतरी पदर तोंडाशी नेतं, आणि मग माझ्या गव्हाच्या डब्याची फारच चौकशी सुरू होते. या नावाला बरीच वर्षं झाली. तरी ते कानावर पडलं की मानेमागं ऊन लागल्यासारखं होतं. ते का, हे सांगायचं तर सुरुवात दुकानापासून करावी लागेल.

क्रांती चौकाच्या जवळ माझं दुकान आहे. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन. शहराचं नाव बदललं तेव्हा पाटी नवी करून घेतली, बाकी सगळं जुनंच. पूर्वी रोलवर फोटो काढायचे तेव्हा मागच्या बाजूला अंधारी खोलीही होती. मग रोल गेले. शहरातले जुने स्टुडिओ एकामागून एक बंद होत गेले. गुलमंडीकडच्या एका स्टुडिओवाल्यानं दुकान मोडायला काढलं, तेव्हा मी त्याच्याकडून दिव्यांचे स्टँड घ्यायला गेले. स्टँडबरोबर त्यानं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवला. म्हणाला, "ये भी ले जाओ बाजी, सब फालतू है इसमें."

डब्यात बोटाच्या पेराएवढ्या क्रोमच्या वस्तू होत्या, दोन्ही टोकांना भिंगं बसवलेल्या. त्यातली एक मी डोळ्याला लावली. समोरचा रस्ता, केळ्यांची गाडी, रिक्षा, सगळं एका उजळ चौकटीत छोटं आणि स्वच्छ दिसलं. त्याला व्ह्यूफाइंडर म्हणतात. जुन्या जर्मन कॅमेऱ्यांची लेन्स बदलता यायची, पण ज्यातून बघायचं ती खिडकी बदलायची नाही. म्हणून वेगळ्या लेन्ससाठी अशी एक वेगळी खिडकी कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवत. जर्मन खिडकी महाग. दुसरं महायुद्ध संपल्यावर जपानमधल्या लहान लहान कारखान्यांनी तशाच खिडक्या करायला घेतल्या. तेच माप, तेच पितळ, वर तसंच क्रोम, नावंसुद्धा ऐकायला जर्मन वाटावीत अशी. नुसत्या खिडक्या नाहीत. लेन्सला ऊन लागू नये म्हणून बसवायचे हूड, फोटो आपोआप निघावा म्हणून किल्ली देऊन लावायचे सेल्फ टायमर, चामड्याच्या छोट्या डब्या, सगळंच.

मी त्या जमवू लागले. मूळ जर्मन वस्तू मला परवडल्या नसत्या हे एक. दुसरं असं की मला त्या नकोच होत्या. ज्याला नक्कल करायची त्याला मूळ वस्तू फार वेळ बघावी लागते, ज्यानं ती पहिल्यांदा केली त्याच्यापेक्षाही जास्त. आणि इतकं बघून केलेल्या नकलेतही कुठंतरी एक बारीकशी गोष्ट सापडतेच, जी मूळ वस्तूत नसते. कुठं बोट घसरू नये म्हणून कड्याच्या खाचा जरा खोल असतात, कुठं अंतराचे आकडे मीटरऐवजी फुटांत असतात. त्या एका गोष्टीसाठी मी वस्तू घेत असे. आपली कोरडी हवाही त्यांना मानवते. मुंबईहून मागवलेल्या भिंगांत बुरशीची जाळी असते, इथं ती पुढं वाढत नाही.

घरात याला 'डुप्लिकेटचा नाद' म्हणायचे. ह्यांनी कधी विरोध केला नाही, पण पाहुणे आले की ते उठून कपाटाचं दार लोटून यायचे. शिकलेली, व्यवहाराला पक्की बायको खोट्या वस्तू हौसेनं आणते, हे चारचौघांत सांगायला त्यांना अवघड जात असणार. मलाही जायचं. म्हणून मी 'नकली' हा शब्द सोडला आणि 'नक्कल' धरला. आमच्या भागात नक्कल हा अब्रूदार शब्द आहे. निजामाच्या काळापासून कचेरीतून कागदाची नक्कल काढायची म्हणजे शिक्क्याची, सहीची, कोर्टात चालणारी. दुकानात मी दिवसभर तेच ऐकते. सातबाराची नक्कल, दाखल्याची नक्कल. नक्कल जोडल्याशिवाय काम पुढं सरकत नाही. तेव्हा कुणी विचारलं तर मी ताठ मानेनं सांगायची, माझ्याकडं जपानी नकला आहेत. हा शब्द मला वाचवेल असं वाटलं होतं.

या नकला मागच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात असायच्या. तिथं ऊन येत नाही आणि ओलही नाही. सासरे गेल्यावर सासूबाई बिडकीनजवळच्या शेतावरून आमच्याकडं राहायला आल्या, तेव्हा ती खोली त्यांना दिली. कपाट मात्र माझंच राहिलं. सासूबाई आपलं वय 'पोलिस ॲक्शनच्या सालातली' असं सांगतात, म्हणजे अठ्ठेचाळीसच्या, माझ्या कपाटातल्या बहुतेक वस्तूंच्या आगेमागेच जन्मलेल्या. चालायला खुटखुटीत, जिभेला धार, डोक्यावर भरपूर तेल आणि दिवसातून दोनदा मिसरी. मिसरीचा वास चामड्याच्या डब्यांना लागायचा. दुपारी मी दुकानातून जेवायला घरी आले की त्या हमखास खिडकीत बसलेल्या असायच्या, माझा एखादा व्ह्यूफाइंडर डोळ्याला लावून रस्ता बघत. भिंगावर तेलाचं बोट. मी काही न बोलता तो त्यांच्या हातातून घ्यायची, पुसायची आणि जागेवर ठेवायची. न बोलता करते यात मला स्वतःचा समजूतदारपणा दिसायचा.

त्या वर्षी दिवाळी झाली की सासूबाईंना बिडकीनला, धाकट्या दिराकडं, कायमचं पाठवायचं ठरलं. ठरवलं मी. कारणं माझ्याकडं तयार होती. तिकडं नातवंडं आहेत, ओळखीची माणसं आहेत, मोकळी हवा आहे. खरं कारण ती खोली. वस्तू वाढल्या होत्या, मला तिथं काचेची कपाटं करायची होती, आणि सुतार येऊन मापंही घेऊन गेला होता. सासूबाई खाटेवर बसून त्याला टेप लावताना बघत होत्या.

त्यांना जायचं नव्हतं. हे त्यांनी मला नाही, ह्यांना सांगितलं. इथं खिडकीतून रस्ता दिसतो, दुपारी देवळात भजनाला चार बायका भेटतात, भाजीवाला त्यांच्याशी भांडल्याशिवाय पुढं जात नाही. तिकडं दिराच्या घरी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आपली खाट पडणार, हे त्यांना ठाऊक होतं. मिसरी बाहेर ओट्यावर लावते, ट्रंक खाटेखाली सरकवते, कपाटाला बोट लावत नाही, असंही त्या म्हणाल्या. ह्यांनी ते सगळं जसंच्या तसं माझ्यापर्यंत पोचवलं आणि वर्तमानपत्र उघडलं. मी म्हणाले, बघू. मी 'बघू' म्हणाले म्हणजे नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

अशातच आमच्या महिला मंडळाचा वर्धापनदिन आला. अध्यक्षाबाईंचा फोन आला तेव्हा दुकानात गर्दी होती, मशीन चालू होतं. प्रत्येकीनं काहीतरी करायचं असं ठरलंय, तुम्ही काय करणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, गाणं मला येत नाही, उखाणे तर नाहीच.

"पण माझ्याकडं जपानी नकला आहेत," मी म्हणाले. "त्या दाखवते."

"अगंबाई, जपानी? मग तर बहारच," त्या म्हणाल्या. "अजून काय लागेल तुम्हाला?"

"एक टेबल ठेवा. पेटी मी माझीच आणते."

मला खरोखर आनंद झाला होता. इतक्या वर्षांत कुणी स्वतःहून माझ्या वस्तू बघायला मागितल्या नव्हत्या. मी मखमलीचा तुकडा आणून एका चपट्या लाकडी पेटीत बसवला. कॉलनीतल्या बायकांना कळतील अशी वाक्यं मनाशी जुळवून ठेवली. ह्यांनाही सांगितलं, बघा, लोकांना किंमत आहे. ते बरं म्हणाले.

कार्यक्रम दुपारचा होता, देवळाच्या हॉलमध्ये. दाराशी फळ्यावर रंगीत खडूनं कार्यक्रम लिहिले होते. त्यात 'जपानी नकला' हे शब्द बघून मी दोन मिनिटं तिथंच थांबले. अक्षर चांगलं होतं. सासूबाई भजनाच्या बायकांबरोबर आधीच येऊन पुढच्या रांगेत बसल्या होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून. हॉलमध्ये शिरल्यावर एका मुलीनं विचारलं, काकू, पेटी कोण वाजवणार? मी म्हणाले, वाजवायची नाही, उघडायची आहे. ती हसली. मला वाटलं, नुसतीच हसरी मुलगी आहे.

माझी पाळी आली. अध्यक्षाबाईंनी माइक घेतला आणि सांगितलं की अजिंठ्याला येणारे जपानी पाहुणे आपण सगळ्यांनीच बघितलेत, ते कसे बोलतात, कसे वाकतात, कसे फोटो काढतात, त्याच्या नकला आता आपल्या काकू करून दाखवणार आहेत. जोरदार टाळ्या झाल्या.

मी स्टेजवर अर्ध्यात पोचले होते. परत फिरता आलं नाही. आजही मला वाटतं की तेव्हा माइक घेऊन सरळ सांगायला हवं होतं, गैरसमज झालाय, मी नकला करत नाही, जमवते. साधं वाक्य आहे. दुकानात मी अशी वाक्यं दिवसभर फेकत असते. पण ते सांगितलं असतं तर लगेच कुणीतरी विचारलं असतं, जमवते म्हणजे काय, कसल्या, आणि कशाला. त्या भीतीनं मी टेबलाशी गेले, पेटी उघडली आणि पाठ केलेलं बोलायला लागले.

"हा व्ह्यूफाइंडर आहे," मी म्हणाले.

हॉल हसला. माझा आवाज कोरडा आहे आणि बोलणं तुटक. त्यांना वाटलं, जपानी माणूस मराठी बोलतोय.

"हा पितळेचा आहे. वर क्रोम आहे."

आणखी हसू. एक हूड माझ्या हातातून सुटून खाली पडला. तो उचलायला मी कमरेत वाकले, तर हॉलमध्ये शिट्टी वाजली. जपानी नमस्कार केला असं समजून. मी वर आले, व्ह्यूफाइंडर डोळ्याला लावला, कारण काहीतरी डोळ्यासमोर धरायची गरज होती. त्यातून मला सगळ्या जणी दिसल्या, उजळ चौकटीत, लहान लहान, दात दिसत असलेल्या.

मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की मी विनोद करत नाहीये. हे जास्त वाईट होतं. हसणं आधी मागच्या रांगेत थांबलं, मग मधल्या. कुणीतरी दया येऊन म्हणालं, काकू, ते फोटो काढताना बोटं वर करतात ना, तसं करा. मी हातातला सेल्फ टायमर खाली ठेवला. त्याला किल्ली दिलेली होती. तो टेबलावर किर्रर्र करत राहिला, आणि माइक जवळ असल्यामुळं ते सगळ्यांना ऐकू गेलं. अध्यक्षाबाई कडेला उभ्या राहून घड्याळ बघत होत्या. मला घाम फुटला होता आणि तो पुसायला पदर कुठं आहे हे सापडत नव्हतं.

पुढच्या रांगेतून सासूबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून एक एक पायरी चढून वर आल्या.

"सरक जरा," त्या मला म्हणाल्या. मग माइककडं तोंड करून हॉलला म्हणाल्या, "जपानी नाय येत मला. सुनंची येती."

त्यांनी लुगड्याचा पदर कमरेला खोचला. एवढ्यानंच त्या बदलल्या. पाठ सरळ झाली, मान पुढं आली. अंबाड्यात काहीतरी खोचल्यासारखं केलं आणि मला कळलं, ते पेन आहे. मी दुकानात पेन अंबाड्यात खोचते. सासूबाई दुकानात फार तर दोन-चारदा आल्या असतील, बाकावर बसून चहा पिऊन गेलेल्या.

"बोला," त्या म्हणाल्या. तो माझा आवाज होता. "पाठपोट का एकाच बाजूला? आधी सांगा, नंतर बदलून मिळणार नाही. फोटोला हसू नका, हसलेला चालत नाही. पुढचे कोण?"

हॉल हसायला लागला, आणि हे हसणं निराळं होतं. कॉलनीतल्या सगळ्यांनी माझ्या दुकानात झेरॉक्स काढलेल्या आहेत. सासूबाई थांबल्या नाहीत. भाजीवाल्याशी बोलणारी मी आली. ह्यांच्या हातातलं वर्तमानपत्र बाजूला सारून 'मी काय म्हणते' म्हणणारी मी आली. माझ्या बोलण्यात मी प्रत्येक वाक्याआधी नाकानं श्वास आत ओढते हे मला त्या दिवशी कळलं. आणि सासूबाई बोलत होत्या ते मराठी माझं होतं, स्वच्छ, सगळ्या मात्रा जागच्या जागी. घरात 'लई' आणि 'व्हय' म्हणणाऱ्या बाईला हे येतं, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग त्यांनी समोरच्या मोकळ्या जागेतून, कुणीतरी बसलेलं असावं तिथून, काहीतरी अलगद काढून घेतलं. दोन बोटांत धरलं. त्यावर तोंडाची वाफ सोडली, कमरेच्या फडक्यानं पुसलं, उजेडाकडं धरून बघितलं आणि जागेवर ठेवलं. ज्याच्या हातातून घेतलं त्याच्याकडं एकदाही बघितलं नाही. यावर कुणी फारसं हसलं नाही, कारण कुणाला ते काय आहे हे कळलं नाही. मला कळलं.

शेवटी त्यांनी खांदा वर करून त्यात फोन धरल्यासारखा केला, आणि हातांनी कणीक मळू लागल्या.

"हं, ऐक. नाही, तसं काही नाही. त्यांना तिकडंच बरं वाटेल. मोकळी हवा आहे, माणसांत राहतील. इथं काय, चार भिंती."

हे मी जावेला फोनवर बोलले होते. शब्द न् शब्द तेच, आणि 'वाटेल'वर थोडा जोर, ऐकणाऱ्याला पुढं बोलायला जागा राहू नये म्हणून देते तसा.

हॉलमध्ये हशा फुटला. सगळ्यात जास्त सुना हसल्या. एकमेकींच्या मांडीवर थापा मारून, डोळ्यांतलं पाणी पुसत. ते वाक्य त्यातल्या बऱ्याच जणींच्या घरात बोललं गेलेलं असणार. मागच्या भिंतीशी खुर्च्यांवर म्हाताऱ्या बायकांची रांग होती. त्या हसत नव्हत्या. त्या सासूबाईंकडंही बघत नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या. मी टेबलाशी उभी होते, हातात झाकण धरून. मला पेटी बंद करायची होती, पण झाकण उलटं धरलंय हे समजायला बराच वेळ लागला.

सासूबाईंना नारळ आणि ब्लाउजपीस मिळाला. अध्यक्षाबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, सासूसुनेनं आधीच ठरवून आणलं होतं ना हे, आम्हाला चांगलंच फसवलंत. मी हो म्हणाले.

घरी आम्ही चालत निघालो. पेटी माझ्या काखेत, नारळ त्यांच्या हातात.  माझ्या मनात राग आणायचा मी प्रयत्न केला. चारचौघांत माझी अब्रू काढली, असं वाक्य तयारही केलं. पण अब्रू आधीच गेलेली होती आणि ती झाकायलाच त्या वर आल्या होत्या, हे मलाही कळत होतं. गिरणीपाशी त्याच बोलल्या.

"तू तशीच उभी ऱ्हायली असतीस," त्या म्हणाल्या. "मला बघवंना."

मी विचारलं, "आत्याबाई, ते फोनवरचं तुम्ही ऐकलं होतं?"

"भिंत केवढी अन् तुझा आवाज केवढा."

"मग मला तेव्हाच का नाही बोललात?"

त्या थांबल्या. नाकानं श्वास आत ओढला, हनुवटी वर केली आणि माझ्या आवाजात म्हणाल्या, "बघू." मग नारळ दुसऱ्या हातात घेतला आणि चालू लागल्या.

पुढचे दिवस वाईट गेले. दुकानात येणारी प्रत्येक ओळखीची बाई मी बोलायच्या आत 'पाठपोट' म्हणून हसायची. ते सोसलं असतं. पण घरात माझं तोंडच उघडेना. काहीही बोलायला गेले की ते वाक्य बाहेर यायच्या आधी मला सासूबाईंच्या तोंडून ऐकू यायचं, आणि तसं ऐकलं की ते बोलण्यासारखं राहायचं नाही. जेवायला बसा, हे दोन शब्दसुद्धा मी दोनदा तपासून बघितले. ह्यांना वाटलं माझा घसा बसलाय, त्यांनी हळद-दूध करून दिलं.

एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी शटर अर्ध्यावर ओढलं आणि सासूबाईंची नक्कल करून बघितली. मला वाटलं, निदान फिट्टंफाट तरी होईल. 'लई', 'व्हय', 'नाय' हे तीन शब्द झाल्यावर माझ्याकडचं संपलं. त्या चहाचा ग्लास कोणत्या हातात धरतात? हसताना दात झाकतात का? चप्पल घालताना भिंतीला हात लावतात का दाराला? एकाच घरात आम्ही इतकी वर्षं राहत होतो. एखाद्या सेल्फ टायमरवरचा स्क्रू जर्मन आहे का जपानी, हे मी डोळे मिटून नखानं सांगते. सासूबाईंची मला एक चालसुद्धा काढता आली नाही. आणि त्या कोपऱ्यात खाटेवर बसून मला पूर्ण बघून बसल्या होत्या. मी शटर वर केलं. समोर एक माणूस आधारची झेरॉक्स काढायला उभा होता. त्यानं किती ऐकलं कोण जाणे.

सुताराला मी नको म्हणून कळवलं. कपाट रिकामं करून सगळ्या वस्तू दुकानात आणल्या, जुन्या अंधाऱ्या खोलीत. तिथं मशीनची गरमी जाते, काही भिंगं जोडणारा डिंक सुटेल हे मला माहीत आहे, आणि एक-दोनांचा सुटलाही. सासूबाई मी वस्तू उचलताना बघत होत्या.  संध्याकाळी घरी आले तर कपाटाच्या फळ्या पुसलेल्या होत्या आणि त्यांची लुगडी त्यावर लावलेली होती, एका फळीवर मिसरीची डबी. गारखेड्याचा रस्ता दाखवणारा एक व्ह्यूफाइंडर खिडकीच्या कट्ट्यावर राहिला होता. तो मी विसरले नव्हते. तसं सांगायची मात्र मला लाज वाटली, म्हणून विसरल्यासारखं केलं.

जावेला कळवायचं राहिलं होतं. तिनं तिकडं शेड झाडून खाट टाकून ठेवली असणार. मी दोन दिवस टाळलं. हे काम ह्यांच्यावर ढकलता आलं असतं, पण पहिला फोन मी केला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळायला घेतली, आणि लक्षात आलं की मी तशीच उभी आहे, खांदा वर, फोन खांद्यात. मी हात धुतले, पुसले आणि फोन नीट हातात धरला. आवाज जरा मऊ करून बघितला. तो माझा वाटेना, उगाच गोड लागत होता. शेवटी आहे त्याच आवाजात बोलले.

"ऐक," मी म्हणाले. "त्या इथंच राहतील."

भिंतीपलीकडून लगेच आलं, "त्या इथंच राहतील."

तंतोतंत मी. तोच तुटकपणा, शेवटच्या शब्दावर तोच जोर. फक्त 'राहतील'च्या आधी एक थांबा होता, मी घेत नाही असा. ती माझी थट्टा होती, का त्या ते वाक्य नुसतं म्हणून बघत होत्या, मला कळलं नाही. विचारायला तोंड नव्हतं.

"कळलं ताई," जाऊ फोनवर म्हणाली. "दोनदा कशाला सांगता?"